काट्याआधीची नावं

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर समुद्र तेव्हाही खारट होता आणि माणसं तेव्हाही एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होती, एवढंच सांगता येईल. मुलांनो, जरा पुढे सरकून बसा. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. खरं तर ही गोष्ट त्यांनाच जास्त लागू आहे.

एका राज्यात एक राजवैद्य होता. त्याचं नाव मी या गोष्टीत घेणार नाही. का घेणार नाही ते शेवटी कळेल.

वैद्य मोठा हुशार, पण स्वभावानं संशयी. दुधावर जाड साय आली तरी खाली पाणी किती असेल, हा विचार त्याच्या मनात आधी यायचा. कुणी वाकून नमस्कार केला की हा मनात म्हणायचा, आता हा काय मागणार? ताटातला पहिला घास तो मांजराला घालायचा, आणि मांजर झोपलं की ते नुसतं झोपलंय ना, हे हलवून बघायचा. मांजरसुद्धा त्याला कंटाळलं होतं.

"संशय हा वैद्याचा धर्म आहे," असं तो म्हणे. ते काही अगदीच खोटं नव्हे. फक्त त्याला जगातल्या सगळ्यांचा संशय यायचा, एक स्वतः सोडून.

घरी त्याची विधवा लेक होती आणि तिची लहानगी मुलगी. या नातीवर मात्र म्हाताऱ्याचा फार जीव. ती मांडीवर येऊन बसली की त्याच्या कपाळावरच्या आठ्या जायच्या. तिच्या हातचं काहीही तो मांजराला न विचारता खायचा.

राजधानीच्या एका अंगाला खाडी होती. खाडीपलीकडे मिठागरं, आणि मिठागरांत राबणाऱ्या माणसांची वस्ती. ही माणसं काळीकुळकुळीत, दाट कुरळ्या केसांची. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना कुण्या जुन्या राजानं समुद्रापलीकडून गलबतांत कोंबून आणलं होतं. त्यांना परत पोचवायचं पुढच्या एकाही राजाच्या मनात आलं नाही.

या वस्तीचं मीठ सगळ्या राजधानीच्या अन्नात होतं. पण रिवाज असा, की खाडीच्या काठावर एक सपाट धोंडा होता. वस्तीच्या बायकांनी मिठाची टोपली धोंड्यावर ठेवायची आणि मागे सरायचं. त्या पुरेशा लांब गेल्या की गावकऱ्यांनी पुढे होऊन टोपली उचलायची. हाताला हात लागता कामा नये. मीठ चालायचं, हात चालायचा नाही.

एका वर्षी राजधानीत फोडांच्या तापाची साथ आली. अंगभर फोड, डोळे मिटलेले, तोंडात पाणी जाईना. घराघरांतून मुलं जाऊ लागली. वैद्यानं काढे दिले, लेप दिले, पथ्यं सांगितली. ताप आपल्या चालीनं चालत राहिला.

आणि मग लोकांच्या लक्षात आलं, की खाडीपलीकडे कुणी मरत नाही.

झालं! संशयाला तेवढंच पुरतं. कुणी म्हणालं, ते लोक ताप वाळवून मिठात कालवतात. कुणी म्हणालं, त्यांच्यात एक बाई आहे, ती मेलेल्यांशी बोलते. लोक राजाकडे गेले आणि म्हणाले, "महाराज, वस्ती पेटवून द्या."

राजा म्हणाला, "पेटवायला काय लागतं? पण उद्या मीठ कोण काढणार?" मग तो वैद्याकडे वळला. "तुम्ही जाऊन बघा. या लोकांचं काय गौडबंगाल आहे, ते शोधून काढा."

वैद्य होडीत बसून पलीकडे गेला. नातीला त्यानं घरात कोंडून ठेवलं होतं. तिला अजून ताप आला नव्हता, आणि तो येऊ नये एवढीच त्याची देवाजवळ मागणी होती.

वस्तीत त्यानं कुणाच्या घरचं पाणी घेतलं नाही. उन्हातच उभा राहिला. वस्तीची जाणती बाई झुमाई दारात बसून मीठ ओढायच्या फावड्याला दांडा ठोकत होती. केस पिकलेले, हात मिठानं भेगाळलेले, आणि जीभ त्याहून खारट.

"बसा, वैद्यबुवा," ती म्हणाली. "इतकी वर्षं आमचं मीठ खाताय, आज सावलीपण खा आमची."

वैद्य बसला नाही. त्यानं विचारलं, "तुमच्यात ताप कसा येत नाही?"

"येतो की! पण आम्ही त्याला आधीच बोलावून घेतो. पोर धडधाकट असताना, थोडासाच." तिनं पदर सारून दंडावरचा जुना वण दाखवला. "एकदा घरात जेवून गेला, की मग तो त्या दाराशी फिरकत नाही."

वैद्याच्या मनात पाल चुकचुकली. रोगाला कुणी आपण होऊन बोलावतं का? ही आपल्याला बनवतेय. तो म्हणाला, "करून दाखव."

तेव्हा झुमाईनं एका तरण्या बाईला हाक मारली. ती आपली मुलगी मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या झोपडीत एका मुलाला हलका ताप येऊन तो बरा होत आला होता. त्याच्या सुकत्या फोडाला झुमाईनं बाभळीचा काटा लावला आणि तो घेऊन ती मुलीसमोर बसली. पण तिनं काटा टोचला नाही. ती नुसती थांबली. आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या आणि नावं घेऊ लागल्या.

"मोंबी," त्या म्हणाल्या. मुलीच्या आईनं म्हटलं, "मोंबी."

"दुली." "दुली."

"जिका." "जिका."

"ताबारा." "ताबारा."

आणखीही बरीच होती. प्रत्येक नावानंतर झुमाई आईच्या डोळ्यांत बघायची, आई मान हलवायची, मगच पुढचं नाव. सगळी झाल्यावर झुमाईनं मुलीच्या दंडावर काटा हलकेच ओढला. मुलगी रडली. बायांनी तिला गूळ दिला.

भर उन्हात वैद्याच्या अंगावर काटा आला. "ही नावं कुणाची?"

"आमच्या आयांची."

"मेलेल्या?"

"जिवंत असत्या तर नुसती हाक मारली असती की," झुमाई म्हणाली. "आता तरी बसा. एकेकीची गोष्ट सांगते. गोष्ट ऐकल्याशिवाय नाव घ्यायचं नाही आणि नाव घेतल्याशिवाय काटा धरायचा नाही, असा आमचा नेम आहे."

ती सांगू लागली. वैद्य मात्र तिच्या हातांकडे बघत होता. ही बडबड कशासाठी? आपलं लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी. खरी मेख त्या काट्यात असेल. काट्याला हिनं राख लावली होती का? नखात काही लपवलं होतं का? झुमाई सांगत राहिली आणि वैद्य हात बघत राहिला. एक शब्दही त्याच्या कानात शिरला नाही.

"नावं राहू दे," शेवटी तो म्हणाला. "कृती सांग."

झुमाईनं फावडं खाली ठेवलं. आता संशय घ्यायची पाळी तिची होती. "कृती डोळ्यांनी बघितलीत. नेऊ नका म्हणत नाही, तिकडची पोरंही पोरंच आहेत. पण एक कबूल करा. टोचाल तेव्हा आधी ही सगळी नावं घ्याल. शेवटी हवं तर तुमचंही घाला, आमची ना नाही."

"घेईन," वैद्य छातीला हात लावून म्हणाला. फार चटकन म्हणाला.

झुमाई म्हणाली, "वैद्यबुवा, आमच्या हाताला हात लागू नये म्हणून तुमची माणसं धोंड्यापाशी ताटकळत उभी राहतात. आमची नावं तुमच्या जिभेला चालतील?"

वैद्य होडीत बसला.

परत आल्यावर त्यानं काटा आधी कुणावर चालवला असेल? स्वतःवर? छे. तुरुंगातल्या कैद्यांवर. त्यांना विचारायची पद्धत नव्हती. कैद्यांना थोडा ताप आला, दंडावर चार फोड उठले, आणि कोठडीच्या बंद दाराआड ते बरे झाले. पुढे तापानं फणफणलेल्या माणसाच्या शेजारी त्यांना ठेवलं, तरी त्यांना काही झालं नाही.

वैद्य आनंदानं वेडा व्हायचा बाकी राहिला. कैद्यांचा ताप बाहेर कुणाला लागला नाही तो कोठडीचं दार बंद होतं म्हणून, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. संशयी माणसाला ज्या गोष्टीचा संशय यायला हवा, नेमका त्याच गोष्टीचा येत नाही.

राजानं विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कुठून?"

एक क्षण झुमाईचं तोंड त्याच्या डोळ्यांसमोर आलं. पण त्यानं विचार केला, खरं सांगितलं तर लोक काट्याला हात लावू देणार नाहीत. खाडीपलीकडचा काटा कोण टोचून घेईल? लोकांच्या भल्यासाठीच गप्प बसलेलं बरं. मुलांनो, माणूस स्वतःच्या फायद्याचं करतो, तेव्हा त्याला लोकांचं भलं फार आठवतं.

"माझ्याच बुद्धीतून, महाराज," तो म्हणाला.

खाडीकाठी, वाऱ्यावर, एक चौथरा बांधला गेला. त्यावर राजानं शिळा बसवली आणि वैद्याचं नाव ठळक अक्षरांत कोरून घेतलं. आया पोरांना घेऊन चौथऱ्याशी रांग लावू लागल्या. काटा टोचण्याआधी काहीतरी म्हणायची पद्धत असावी म्हणून लोकच वैद्याच्या नावाचा जयजयकार करत. वैद्य नको नको म्हणत असे, पण काटा मात्र जयजयकार झाल्यावरच उचलत असे.

त्याच्या लेकीनं विचारलं, "बाबा, आपल्या छकुलीला कधी टोचायचं?"

"बघू," वैद्य म्हणाला. "घाई काय आहे?"

लेक त्याच्याकडे बघत राहिली. साऱ्या गावाच्या पोरांना टोचणारा हा माणूस आपल्याच नातीला का टोचत नाही? कारण सोपं होतं. काळ्या बाईकडून आणलेल्या काट्यावर त्याचा अजून भरवसा नव्हता. दुसऱ्यांच्या पोरांपुरता होता.

झुमाई मीठ घेऊन धोंड्यापाशी आली, तेव्हा चौथऱ्यावरचा जयजयकार तिच्या कानावर आला. टोपली ठेवून तिनं मागे सरायचं होतं. ती सरली नाही. तिथूनच ओरडली, "वैद्यबुवा, नावं घेता ना?"

वैद्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"माझं नका घेऊ! त्यांची घ्या! निदान दुलीचं घ्या, जिकाचं घ्या! पोरांसाठी घ्या हो!"

रांगेतले लोक कुजबुजू लागले. वैद्याला वाटलं, हिला श्रेय हवंय. उद्या राजापाशी जाऊन वाटा मागेल. त्यानं पहारेकऱ्यांना खूण केली. त्यांनी भाल्याच्या दांड्यानं ढोसत झुमाईला होडीत बसवलं आणि पुन्हा या काठावर पाय ठेवायचा नाही, अशी ताकीद दिली.

साथ ओसरायला लागली होती. राजानं वैद्याचा सत्कार करायचं ठरवलं. मोठी मिरवणूक निघाली. ज्यांना नुकतंच टोचलं होतं ती मुलं सजवलेल्या गाड्यांत बसवली, आणि सगळ्यांना काट्याची खूण दिसावी म्हणून त्यांचे दंड उघडे ठेवले. घरोघरच्या बायकांनी त्यांना ओवाळलं, जवळ घेतलं, त्यांच्या तोंडात लाडू घातले. पहिल्या गाडीत वैद्य होता आणि त्याच्या शेजारी मखमली परकर घातलेली त्याची नात. इतके दिवस कोंडलेली पोर हरखून गेली होती. मागच्या गाडीतल्या एका मुलीनं दंडावरचा फोड खाजवला आणि त्याच हातानं आपला अर्धा लाडू तिला भरवला.

मिरवणूक झाली आणि साथ परत आली. आधीपेक्षा जोरात आली. ज्यांना टोचलं होतं ती मुलं बरी होत होती. पण त्यांची न टोचलेली भावंडं, त्यांना ओवाळणाऱ्या आत्या-मावश्या, गाड्या ओढणारे लोक, सगळे फोडांनी भरून निघाले.

लोक चौथऱ्याशी जमले. या वेळी जयजयकार नव्हता. "हे कसं झालं?" असं ते विचारत होते, आणि त्यांचे डोळे वैद्यावर होते. दुसऱ्यांवर रोखलेली ती नजर वैद्याला चांगली ओळखीची होती. आपल्यावर रोखलेली त्यानं पहिल्यांदाच पाहिली.

"खाडीपलीकडची ती बाई!" तो म्हणाला. "माझा काटा बिघडवायला ती मेलेल्या बायकांना बोलावते. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

शिपाई गेले आणि झुमाईचे हात बांधून तिला दरबारात घेऊन आले. दरबार माणसांनी भरला होता. बायकांच्या घोळक्यात वैद्याची लेकही उभी होती.

राजानं विचारलं, "बाई, तू मेलेल्यांना बोलावतेस म्हणे?"

"हो, महाराज."

पुढे उभी असलेली माणसं मागे सरकली.

"रोज बोलावते," झुमाई म्हणाली. "त्या येतात आणि सांगतात, आमचं चुकलं तिथे तू चुकू नकोस. आम्हाला लिहायला कुणी शिकवलं नाही, महाराज. मग आमच्या आयांनी एकेक चूक एकेका बाईच्या नावाला बांधून ठेवली. मोंबीनं भारी ताप आलेल्याच्या फोडाला काटा लावला आणि तिचा मुलगा गेला. म्हणून मोंबीचं नाव घेतलं की आम्ही हलका ताप आलेलं माणूस शोधतो. जिकानं टोचलेलं पोर लग्नाला नेलं. लग्नघरातली अर्धी माणसं गेली. म्हणून जिकाचं नाव घेतलं, की टोचलेलं पोर खपल्या गळेपर्यंत घराबाहेर काढायचं नाही, हे आईला कळतं. मांडवात नाही, जत्रेत नाही, मिरवणुकीत तर नाहीच नाही."

मिरवणूक हा शब्द दरबारात घुमला. माणसं एकमेकांकडे बघू लागली. वैद्याच्या मनातला एक कोपरा म्हणाला, हे खरं आहे. दुसरा लगेच म्हणाला, हे तिनं आत्ता रचलंय. त्यानं आपल्या सवयीनं दुसऱ्याचं ऐकलं.

राजानं विचारलं, "वैद्यराज, ही नावं हिनं तुम्हाला आधी सांगितली होती?"

आता खरं बोलायची वेळ होती. हो म्हटलं की संपलं. झुमाई सुटली असती, उरलेल्या गोष्टीही सगळ्यांनी ऐकल्या असत्या.

"नाही, महाराज," वैद्य म्हणाला. "मी तिथे गेलो तो तुमच्या हुकमानं तपास करायला. काटा माझा आहे."

झुमाई मोठ्यानं हसली. "बरं तर! काटा तुमचा, तर ही साथही तुमचीच."

"पुरे!" वैद्य ओरडला. "महाराज, ही तुमच्यासमोर माझा अपमान करतेय!"

राजानं एकदा काळ्या बाईकडे बघितलं, एकदा गोऱ्या वैद्याकडे. कुणाचा शब्द जड आहे हे त्याला लहानपणीच शिकवलं होतं, त्यामुळे त्यानं तोलून बघितलंच नाही. "हिला तुरुंगात टाका."

शिपाई तिला ओढत नेऊ लागले. दारातून ती मागे वळून ओरडली, "दुलीचं तरी ऐकून घ्या! कुणीतरी दुलीचं ऐका!"

कुणी ऐकलं नाही.

वैद्य घरी आला. नात अंथरुणात पडली होती. त्यानं कपाळाला हात लावला. कपाळ कोमट होतं. जिभेवर, टाळ्यावर अजून काही नव्हतं. ऊन लागलं असेल, तो स्वतःशी म्हणाला. मग त्याला तो अर्धा लाडू आठवला.

अजून वेळ आहे, त्याला वाटलं. ताप नुकताच डोकावतोय. आत्ता काटा लावला तर मोठा ताप येणार नाही.

त्याच्या कानात ते नाव घुमत होतं. दुली. दुलीचं ऐका. पण नावाच्या पुढे काहीच नव्हतं, कारण त्यानं काही ऐकलंच नव्हतं. तुरुंग हाकेच्या अंतरावर होता. जाऊन विचारायचं, एवढंच काम होतं. पण विचारायला जायचं म्हणजे दरबारात बोललो ते खोटं होतं, असं कबूल करायचं. शिवाय ती बाई सूड म्हणून भलतंच सांगणार नाही कशावरून?

त्यानं काटा घेतला आणि तापलेल्या नातीच्या दंडावर ओढला. लेक दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला खात्री आहे ना?"

"मी वैद्य आहे," तो म्हणाला.

पोर वाचली नाही.

रडून रडून डोळे कोरडे झाल्यावर लेक उठली आणि तुरुंगाशी गेली. गजांपलीकडे झुमाई बसली होती. लेकीनं विचारलं, "दुली कोण होती?"

झुमाईचे डोळे बारीक झाले. "कशाला हवंय? वैद्यानं पाठवलं तुला?"

"नाही. माझ्या मुलीसाठी विचारतेय."

"आजारी आहे?"

"होती."

झुमाई गजांजवळ सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दुलीचं पोर आधीच तापलेलं होतं. काटा लावला तर वाचेल, असं वाटलं तिला. पण एक ताप अंगात असताना दुसरा घातला, तर त्या जिवाला झेपत नाही. तापलेल्या पोराला काटा लावू नका, एवढंच दुलीचं सांगणं आहे, बाई. एवढंच आहे."

लेक गजांपाशी बसली. झुमाईनं गजांतून हात बाहेर काढला. लेकीनं तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली आणि बापासमोर सगळं बोलली. दुलीचं, जिकाचं, दंडावर ओढलेल्या काट्याचं. वैद्य म्हणाला, "दुःखानं हिचं डोकं फिरलंय." पण या वेळी राजानं ऐकलं. तेच शब्द होते, बरं का. काळ्या तोंडून आले तेव्हा तो जादूटोणा होता. गोऱ्या तोंडून आले तेव्हा ती साक्ष झाली. याचा राग मला ही गोष्ट सांगताना दर वेळी येतो.

झुमाई सुटली. खाडीकाठी पुन्हा रांग लागली, पण आता चौथऱ्यावर झुमाई बसली होती आणि तिच्या शेजारी वैद्याची लेक. काट्याआधी एकेका नावाची गोष्ट सांगायची, आयांनी ती ऐकायची आणि मग नाव घ्यायचं. काही जण तरीही म्हणाले, आम्हाला काटा नको, त्या बाईच्या हातचा तर नकोच. त्यांच्या घरी काय झालं ते मी सांगत नाही. मीठही पुष्कळांनी हातातून हातात घ्यायला सुरुवात केली. सगळ्यांनी नाही. तो धोंडा अजून तिथेच आहे.

साथ संपल्यावर वस्तीच्या बायांनी नावांच्या शेवटी एक नाव जोडलं. ते खाडीअलीकडच्या बाईचं पहिलंच नाव. विचारल्याशिवाय, ऐकल्याशिवाय काटा उचलू देऊ नका, एवढं त्या नावाचं सांगणं. ते नाव होतं मंजुळा. तीच वैद्याची लेक.

वैद्य पुढे पुष्कळ जगला. पण त्याच्या हातचं औषध कुणी घेईना. पुडी दिली की लोक ती आधी मांजराला चाटवून बघायचे. अगदी म्हातारा झाल्यावर एकदा तो होडीत बसून पलीकडे गेला आणि झुमाईला म्हणाला, "तू म्हणाली होतीस, शेवटी माझंही नाव घालू. ते घाल."

झुमाई म्हणाली, "घालते की. इथे ज्याचं नाव आहे त्याची चूकही आहे. उद्या धोंड्यापाशी उभे राहून सगळ्यांना तुमची सांगा. संध्याकाळी नाव घालते."

वैद्यानं तिच्याकडे बघितलं. ही असं का म्हणतेय? सगळ्यांदेखत माझी फजिती करायचा तर हिचा डाव नाही? तो परत होडीत बसला आणि पुन्हा कधी आला नाही.

चौथऱ्यावरची शिळा पुढे खाऱ्या वाऱ्यानं खाल्ली. आधी अक्षरांच्या कडा गेल्या, मग अक्षरं गेली. आता तिथे हात फिरवला तर नुसता खरखरीत दगड लागतो. मोंबी, दुली, जिका, ताबारा, मंजुळा ही नावं मात्र मला माझ्या आजीनं सांगितली, तिला तिच्या आजीनं. वैद्याचं नाव मी का घेतलं नाही, असं तुम्ही विचाराल. मला ते माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही.

म्हणून लक्षात ठेवा: ज्यांच्याकडून विद्या घेतली त्यांची नावं गाळली, की त्या विद्येतलं शहाणपणही गळून जातं.